त्रेसष्टावं पान

रविवार, १२ नोव्हेंबर २००६

गुरुवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की जुन्या उर्दू रजिस्टराचं त्रेसष्टावं पान फाटलेलं निघालं. ते चूक आहे. पान फाटलेलं नाही. कडेला वाळवीने दोन ठिकाणी खाल्लंय, पण अक्षर न् अक्षर वाचता येतं, आणि मी ते वाचलं आहे. कचेरीच्या तपासणी-तक्त्यात मी खोटं लिहिलं, त्याखाली सही केली, आणि नौबादच्या भाड्याच्या खोलीवर येऊन तेच खोटं इथेही लिहिलं. तक्त्यात का लिहिलं ते मला ठाऊक आहे. इथे का लिहिलं ते कळत नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

आता नीट लिहिते. आमच्या परंपरागत वैद्यक नोंदणी मंडळाने बेंगळूरहून हुकूम काढला की प्रत्येक जिल्ह्यातल्या नोंदणीकृत वैद्यांची यादी तपासून, टाइप करून कचेरीबाहेर लावायची. कोण खरा, कोण खोटा ते लोकांना दिसावं. तक्रारी आणि त्यांचे निकालही लावायचे. बिदर शाखेचं जुनं रजिस्टर हैदराबाद राज्याच्या काळातलं, उर्दूत. कचेरीत कुणालाच उर्दू येत नाही. मला येतं, कारण लहानपणी दम्यामुळे मी बारा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही आणि अप्पांनी घरी मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही शिकवल्या. म्हणून जूनपासून मला हंगामी घेतलं.

त्रेसष्टाव्या पानावर सहा नावं आहेत. दुसरं नाव शिवाप्पा, राहणार दुबलगुंडी. माझे आजोबा. त्याखाली वेगळ्या शाईत: ‘फौत. वारस मुलगा जगदेवप्पा, नाव दाखल. १९७१.’ जगदेवप्पा म्हणजे माझे अप्पा. पस्तीस वर्षं ते गावात दवाखाना चालवतात तो या एका ओळीवर. परीक्षा नाही, दुसरा कागद नाही.

चौथी नोंदही तशीच. हुलसूरचे एक वैद्य फौत, वारस काशप्पा.

आधीच्या बासष्ट पानांत अशा एकोणीस वारस-नोंदी सापडल्या होत्या. प्रत्येकीपुढे मी ‘नोंदणी ग्राह्य नाही’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. त्या एकोणीस घरांचा मी विचार केला नाही. विसाव्या घरी पोचले तेव्हा पान फाटलं.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत आमच्या शाखेचे निवृत्त कारकून अंबाजीआबा यांच्या घरी गेले. रजिस्टरातल्या वारस-नोंदी त्यांच्या हातच्या आहेत. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. बाजेवर बसून सुपारी कातरत होते.

“कुणाची गं तू?”

“दुबलगुंडीच्या जगदेवप्पांची.”

“शिवाप्पा वैद्याची नात व्हय! बस, बस. तुझ्या आज्यानं माझा कावीळ उतरवला हुता.”

मी विचारलं, वैद्याच्या नोंदणीला वारस कसा लावला?

“मला तहसिलातून उचलून तिथं टाकले. मला वैद्यकातलं काय कळतंय? म्हातारा मेलेला, पोरगा दारात उभारलेला, हातात बापाचा कागद. तहसिलात आपण काय करतो? फेरफार. मी फेरफार केलो.”

“आबा, पण फेरफार जमिनीचा असतो. ही डॉक्टरकी...”

“जमिनीला वारस लागतोय, दवाखान्याला लागत न्हाई व्हय? गावानं दुसऱ्या दिवशी कुठं जावं?” मग सुपारी तोंडात टाकून म्हणाले, “चोरून न्हाई केलो गं. चावडीवर पंधरा दिवस नोटीस लावायचो, कुणाची हरकत हाय का म्हणून. एक बी हरकत आली न्हाई. तुमचं ते आता नवीन काय निघालंय, लोकांना दाखवायचं म्हणून? आम्ही तवाच दाखवलो.”

परतताना रिक्षात वाटलं, हे मनानं वाईट नव्हते. कचेरीच्या दारात पोचेपर्यंत वाटलं, मग मी तरी कुठे आहे. हे दुसरं वाटणं खोडून टाकायला हवं. ते सोयीचं आहे.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

आज हुलसूरहून इंदिराबाई नावाची एक बाई आली. पन्नाशीची, मजुरी करते. मुलगा पुण्याला बांधकामावर आहे. तिच्यासोबत कुणी नव्हतं. माहिती-अधिकाराचा अर्ज तिने गावच्या एका मास्तरांकडून लिहून आणला होता. अर्जात एकच प्रश्न: हुलसूरचे काशप्पा यांची नोंदणी कोणत्या कागदावर झाली आहे, त्याची नक्कल मिळावी.

तिची सून रूपा ऑगस्टमध्ये काशप्पांच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतल्यावर तासाभरात गेली. पोलिसांनी सांगितलं, डॉक्टर नोंदणीकृत आहे, मंडळाकडे जा. मंडळाने दोनदा पत्र पाठवलं की वैद्य नोंदणीकृत असल्याने प्रथमदर्शनी दोष दिसत नाही. ती दोन्ही पत्रं मीच टाइप केली आहेत. जुलैनंतर अशी पत्रं मी किती टाइप केली ते मोजलं नव्हतं. आज फाईल काढून मोजली. सात.

अर्जावर आवक शिक्का मी मारला. इंदिराबाई काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, “त्यो डाक्टर हाय का न्हाई, एवढंच लिहून द्या माय. बाकी मी बघते.”

“तीस दिवस लागतात,” मी म्हणाले.

“त्येला इंजेक्शन द्यायला तीस दिवस लागले न्हाईत.”

तीस दिवस सतरा डिसेंबरला भरतात. रविवार आहे. म्हणजे सोमवार, अठरा.

सोमवार, २० नोव्हेंबर

प्रभुलिंग सरांनी आत बोलावलं. ते शाखेचे प्रमुख आणि माहिती अधिकारीही. सर चांगले आहेत, माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी तपासणी-तक्ता समोर ठेवला होता.

“सौम्या, पान त्रेसष्ट फाटलंय म्हणून लिहिलायत.”

“हो सर.”

“बरं झालं.” मग तक्ता मिटत, “म्हणजे वाईट झालं, जुना दस्त. पण फाटलेलं पान आता कोण शिवणार? तुमच्या अप्पांचं वय काय?”

“साठ.”

“या वयात त्यांना बेंगळूरला खेटे कशाला? चांगला माणूस आहे. आसपासची चार गावं नाव घेतात.”

मला भरून आलं. त्यांना इतकी काळजी असेल असं वाटलं नव्हतं. सरांची स्मरणशक्तीही दांडगी आहे. अप्पांचं नाव त्या पानावर असल्याचं मी कुणालाच सांगितलेलं नाही आणि सरांना उर्दू येत नाही, तरी त्यांना माहीत होतं. बहुधा कधी अंबाजीआबांकडून ऐकलं असेल.

रविवार, २६ नोव्हेंबर. दुबलगुंडी

काल दुपारी घरी आले. अप्पांनी कचेरीचं विचारलं. ते नेहमी विचारतात. मी इंदिराबाईचं सगळं सांगितलं, फक्त काशप्पांची नोंद कुठल्या पानावर आहे ते सोडून. अप्पा ज्वारीची भाकरी मोडत होते, ती तशीच ताटात राहिली.

“कोणतं इंजेक्शन दिला म्हणे?”

“ते कुठंच लिहिलेलं नाही, अप्पा. नोंद ठेवलीच नाही.”

“न्हाई ठेवत.” मग म्हणाले, “आम्ही बी न्हाई ठेवत.”

अव्वा, माझी आई, वाढता वाढता म्हणाली, “जेवताना मढ्याचं कामून काढायलीस? दुसरं काय न्हाई का बोलायला बापलेकीला?”

जेवण झाल्यावर अप्पांनी ओट्यावर बसून विचारलं, “आपलं पान आलं का गं?”

मी म्हणाले, “फाटलेलं निघालं.”

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. लहानपणी मी वाचताना एखादी ओळ गाळली की असेच बघायचे. ओरडायचे नाहीत. मी गाळलेली ओळ परत वाचेपर्यंत नुसते थांबायचे. काल मी वाचली नाही. शेवटी तेच म्हणाले, “वाळवी लागली असंल.”

आज सकाळपासून ते माझ्याशी कमी बोलले. मी दिवसभर आठवत होते की माझं काय चुकलं असेल. बहुतेक मढ्याचं बोलणं.

शुक्रवार, १ डिसेंबर

काशप्पा डॉक्टर कचेरीत आले होते. जीपमधून. नव्या गुळाची ढेप आणली, सगळ्यांना वाटली. मी खडा घेतला, चहाबरोबर खाल्ला. गोड होता. ते कोण आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं हे खरं आहे. पण कळल्यावर मी उरलेला अर्धा खडा ठेवून दिला नाही, तोही खाल्ला. हेही खरं आहे.

ते दिसायला अप्पांसारखेच आहेत. पांढरं धोतर, कपाळावर विभूती. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “जगदेवप्पाची लेक व्हय? आमचे बाप एकाच दिवशी हैदराबादला जाऊन कागद आणलेले, माहीत हाय का? एकाच गाडीनं. आम्ही एकाच पानावरचे.” आणि हसले.

सरही हसले.

मंगळवार, ५ डिसेंबर

इंदिराबाई आज परत आली, उत्तर तयार आहे का बघायला. मी सांगितलं, अजून तेरा दिवस आहेत. ती बाकावर बसून राहिली. जेवायच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिच्याजवळ बसले. तिने तिची भाकरी मला अर्धी मोडून दिली आणि माझ्या डब्यातलं वरण घेतलं.

“रूपा तुमच्याएवढीच हुती. तुमच्यासारखीच भित्री. सुईला लई भ्यायची. मीच म्हणलं, घे, काय हुत न्हाई, मोठा डाक्टर हाय.” हे सांगताना तिचा आवाज बदलला नाही. “मी धरलं हुतं तिला. हात मी धरले हुते.”

मी वरणाचा डबा तिच्याकडे सरकवला.

“कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असला तर कुणाचं हाय ते कळतंय,” ती म्हणाली. “डाक्टरच्या गळ्यात नळी असली की झालं व्हय? कुणाचा हाय, कुठला हाय, इचारायचं न्हाई?”

बाकावर बसलेले दोघे हसले. तीही हसली. मग भाकरीचा कपडा झटकून घडी करून म्हणाली, “माझा ल्योक म्हणतो, सोड आता, पुण्याला ये. मी गेले की मग इथं इचारणार कोण?”

तिच्या समोर मी दोनदा पान उघडण्याचा विचार केला. रजिस्टर माझ्या टेबलाच्या कप्प्यात होतं, किल्ली माझ्या कमरेला. दोनदा अप्पांच्या ओट्यावर बसलेली माणसं दिसली. सोमवारच्या बाजाराला येताना नाडी दाखवायला येणारी. अप्पांनी कुणाला मारलं नाही. हे मी लिहिते आहे आणि मला लगेच दिसतं आहे की हे मला माहीत नाही. अप्पा स्वतःच म्हणाले, आम्ही बी नोंद ठेवत नाही.

रविवार, १० डिसेंबर. दुबलगुंडी

घरी काहीतरी बिघडलं आहे. दवाखान्याबाहेरची पाटी खाली उतरवून भिंतीला पालथी टेकवली आहे. अप्पा म्हणाले, रंग द्यायचाय. रंगाचा डबा कुठे दिसला नाही. आत भिंतीवर आजोबांचा हैदराबादचा कागद चौकटीत असायचा, तिथे आता पांढरा चौकोन आहे. त्याच कागदावर मी उर्दू वाचायला शिकले. सात-आठ वर्षांची असताना पहिल्यांदा पूर्ण वाचला तेव्हा अप्पांनी आजूबाजूच्या बायकांना बोलावून परत वाचायला लावलं होतं. त्यावर नाव शिवाप्पा होतं. मी मोठ्याने शिवाप्पा असंच वाचलं. कुणीच, अप्पांनी नाही, मी नाही, त्या बायकांनी नाही, पुढचं काही विचारलं नाही.

ओट्यावर चार पेशंट होते. अप्पांनी नाडी बघितली, काढा दिला, पण इंजेक्शन एकालाही दिलं नाही. एका बाईला चिठ्ठी लिहून हुमनाबादच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. ती कुरकुरली, “तुमी असताना तिकडं कामून जाऊ?” अप्पा म्हणाले, “मी म्हणायलोय ना, जा.” दुपारपर्यंत अशा तीन चिठ्ठ्या.

त्यांचे हात थरथरत असणार. साठी म्हणजे काही कमी नाही. मला सांगत नाहीत इतकंच. अव्वाला विचारलं तर ती म्हणाली, “मला काय सांगतोय का त्यो? पंधरा दिवस झाले, रोज ती जुनी ट्रंक उघडतोय, बघतोय, झाकतोय.”

म्हणजे त्यांना बरं नाही, आणि अशा वेळी मी त्यांचं नाव घालवायला निघाले होते. या विचाराने बसमध्ये मला दम्याचा पंप काढावा लागला. शेजारच्या बाईने खिडकी उघडून दिली.

गुरुवार, १४ डिसेंबर

सरांनी उत्तराचा मसुदा दिला. ‘अर्जदाराने मागितलेली नोंद जुन्या रजिस्टराच्या पान क्र. ६३ वर असावी, परंतु सदर पान फाटलेले असल्याने माहिती उपलब्ध नाही. तपासणी करणार: सौम्या जगदेवप्पा.’ खाली माझ्या सहीसाठी जागा. माझ्या सहीच्या वर त्यांची सही नव्हती. ते म्हणाले, आधी तुम्ही, मग मी.

“उद्या करते सर.”

“उद्या करा, परवा करा. सोमवारपर्यंत करा.” मग सहज म्हणाले, “मार्चमध्ये दोन जागा कायम होतायत. उर्दू येणारं माणूस लागणारच आहे.”

आणि दाराशी गेल्यावर मागून, “तुमच्या अप्पांना नमस्कार सांगा.”

मी आजपर्यंत हे सगळं सरांचा चांगुलपणा म्हणून लिहीत आले. आज मागची पानं चाळली. वीस नोव्हेंबरच्या नोंदीत मी लिहिलं आहे की सरांची स्मरणशक्ती दांडगी आहे. त्यावर रेघ मारावीशी वाटली. मारली नाही. जे लिहिलं ते लिहिलं. पण मला जूनमध्ये घेतलं तेव्हा आणखी दोन उमेदवार होते, एक बिदरचीच, माझ्यापेक्षा चांगलं उर्दू येणारी, आणि सरांनी मुलाखतीत मला पहिला प्रश्न विचारला होता, वडिलांचं नाव काय, गाव कुठलं.

कदाचित सगळ्यांनाच विचारलं असेल.

शनिवार, १६ डिसेंबर. सकाळी

नळाला पाणी आलं आहे, घरमालकीण अक्कम्मा घागरी भरते आहे. मी अजून अंथरुणात. काल सही केली नाही. पोट दुखतं म्हणून चारला घरी आले. पोट दुखत नव्हतं.

एवढ्यात अक्कम्माने हाक मारली, “सौम्या, तुझ्या अप्पाचा फोन!” आणि रिसीव्हर देताना, “लई गंभीर आवाज हाय बाई. लग्न ठरवला का काय तुझं?”

अप्पा म्हणाले, “सोमवारी बिदरला यायलोय.”

“कामून, अप्पा? बरं वाटत नाही का?”

“बरं हाय. तुझ्या सरांना भेटायचंय.”

“माझ्यासाठी काही बोलू नका त्यांच्याशी. मार्चच्या जागेचं मला सरांनीच सांगितलंय, पण तुम्ही हात जोडू नका कुणापुढे.”

ते म्हणाले, “तुझ्यासाठी न्हाई यायलो.” आणि, “सौम्या, तू जे वाचतीस ते नीट वाच. मी हाय.”

फोन ठेवला. मला काहीच समजलं नाही. माझ्यासाठी नाही म्हणाले म्हणजे माझ्यासाठीच येत असणार. अप्पा असेच बोलतात. सरांपुढे उभे राहतील, माझ्या नोकरीसाठी दोन शब्द टाकतील, आणि त्याच वेळी त्याच कचेरीत...

शनिवार, १६ डिसेंबर. संध्याकाळी

दिवसभर खोलीत होते. एक अर्ज लिहिला. तो असा:

‘मी दिनांक ९ नोव्हेंबर रोजी तपासणी-तक्त्यात पान ६३ फाटलेले असल्याचा शेरा लिहिला. तो खोटा आहे. पान पूर्ण वाचता येते. त्यावर सहा नोंदी असून पैकी क्रमांक दोन व चार या वारस-नोंदी आहेत व आधीच्या एकोणीस नोंदींप्रमाणे ग्राह्य नाहीत. क्रमांक दोन ही माझ्या वडिलांची आहे. शेरा खोटा लिहिण्याचे तेच कारण. सोबत पानाची नक्कल व मराठी भाषांतर.’

‘क्रमांक दोन’ आधी लिहावं की ‘क्रमांक चार’, यावर अर्धा तास गेला. चार आधी लिहिला तर इंदिराबाईचं काम होतं आणि अप्पांचं नाव मागे लपतं. मग क्रमाने लिहिलं. पानावर दोन आधी आहे.

नकलेची झेरॉक्स काल चारला निघण्याआधीच काढून आणली होती. पान काचेवर घाईत पालथं घातलं, पहिली प्रत वाकडी आली. ती फाडली. दुसरी नीट आली.

आवक शिक्का माझ्याकडे असतो. अर्जावर क्रमांक पडला आणि आवक रजिस्टरला चढला की तो नाहीसा करता येत नाही. सर अकराला येतात. कचेरी साडेदहाला उघडते, मी उघडते. हुलसूरच्या मास्तरांच्या फोनवर निरोप ठेवला आहे की इंदिराबाईंनी सोमवारी साडेदहाला यावं, उशीर करू नये. मास्तर म्हणाले, “ती आठलाच येऊन बसंल बघा.”

अप्पांची हुमनाबादहून येणारी गाडी सव्वाअकराला पोचते. म्हणजे ते दारात येतील तेव्हा सगळं झालेलं असेल आणि कुणीतरी त्यांना सांगितलेलंही असेल. मंगळवारी केलं तर निदान त्यांच्यासमोर होणार नाही. हा विचार मी तीनदा केला. पण तीस दिवस मंगळवारपर्यंत पुरत नाहीत. मंगळवारी पान वाचून दाखवलं तरी इंदिराबाईच्या हातात सोमवारचं उत्तर असेल, माझ्या सहीचं.

त्यांना परत फोन करून येऊ नका म्हणावं असं वाटलं. काय कारण सांगू? खोटं सुचलं नाही. पहिल्यांदाच सुचलं नाही.

सोमवार, १८ डिसेंबर. सकाळी साडेदहा.

कचेरी उघडली, इंदिराबाई बाकावर बसली आहे, मी अर्जावर शिक्का मारला आणि आवक रजिस्टरला क्रमांक चढवला.